थंडी न आलेला कार्तिक

कार्तिक अर्धा सरला तरी पोंभुर्ण्यात यंदा कोणी स्वेटर काढलेला नाही. दवाखान्यातले पंखे अजून फिरताहेत. सकाळी आठलाच ऊन पाठीला चटका देतं. धानाच्या बांध्यांवरून येणारा वारा या दिवसांत कसा कोरडा, हलका हवा. तो भिजल्या पोत्यासारखा जड आहे. शेजारचे निवृत्त मास्तर मात्र खूश आहेत. त्यांना दमा आहे.

"असंच राह्यलं पाह्यजे, सिस्टर," काल ते ओट्यावर बसून म्हणाले. "थंडी आली का मले वाटते, झालं, यंदा काई आपण होळी पाहत नाई."

"तिकडं धानाले तुडतुडा लागला, अन् बाबूजी खूश!" आतून त्यांची सून बोलली.

दोघंही खरं बोलत होती. एकाच हवेत एकाची छाती मोकळी होते आणि दुसऱ्याच्या लोंब्या पोचट राहतात. मी हसल्यासारखं केलं आणि दवाखान्यात गेले.

असे दिवस आले की दुपारी एक गोष्ट होते. शेवटचा पेशंट गेलेला असतो, परिचर जेवायला घरी गेलेला असतो, मी रजिस्टर लिहीत बसलेली असते. आणि दाराची कडी वाजते. जोरात नाही. दोनदा वाजते, थांबते. मग कोणीतरी भिंतीला हात टेकून, जड अंगानं, हळूहळू पायरीवर बसल्याचा आवाज येतो. मी उठून पाहते. दार सकाळपासून उघडंच असतं. पायरीवर ऊन असतं, बाकी काही नसतं.

ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही. यजमान म्हणतील, उन्हानं डोकं चढलं.

त्या वर्षी मी तेवीसची होते. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. भामरागडच्या बाजूला, पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या एका गावातल्या उपकेंद्रावर माझी पहिली नेमणूक होती. गावाचं नाव लिहीत नाही. मी वरोऱ्याची; कापसाच्या गाड्या, रेल्वेचा भोंगा आणि बाजार यांत वाढलेली. तिथे पोचले तेव्हा मला माडिया भाषेतला एक शब्द येत नव्हता आणि गावात मराठी येणारी बाई एकच होती. जैनी.

जैनी आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकली होती. वय माझ्याएवढंच असावं. तिला ते नक्की ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं नाव लालसू. घरात ती, लालसू आणि त्याची म्हातारी आई. मी ताप पाहायला निघाले की जैनी हातातलं काम टाकून सोबत यायची. मी विचारायचे, "ताप कधीपासून?" ती ते माडियात विचारायची. समोरची बाई मोठं लांबलचक काहीतरी सांगायची, हातवारे करायची, मध्येच हसायची, आणि जैनी मला सांगायची, "दोन दिस." तेवढंच. बाकीचं ती स्वतःजवळ ठेवायची. मी रागावले तर म्हणायची, "ते तुह्या कामाचं नाई, बाई."

हळूहळू माझ्या कानाला सवय अशी लागली की समोरचा माणूस बोलला की मी त्याच्याकडे न बघता डाव्या बाजूला बघायचे. तिथून जैनीचा आवाज येणार, मग मला कळणार.

तिकडे पाऊस ओसरला की तापाचे दिवस सुरू होतात. बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्ट्या भामरागडला पाठवायच्या, आणि निकालाची वाट न पाहता गोळ्या द्यायच्या. क्लोरोक्विनची गोळी इतकी कडू की लहान मुलं मला पाहूनच पळायची. भादवा आणि आश्विन असेच जायचे. मग दिवाळीच्या आगेमागे एके दिवशी सकाळी नदीवरून धुकं उठायचं, घराघरापुढे शेकोट्या पेटायच्या, डास कमी व्हायचे आणि ताप उतरायचा. दर वर्षी असंच, असं मला सांगितलं गेलं होतं. सांगणारे आमचे आरोग्य सेवक मेश्रामभाऊ. दहा वर्षं त्याच भागात सायकल आणि पाय झिजवलेला माणूस; थोडी माडियाही बोलायचे.

"दिवाळी आली का ताप गेला समजा, सिस्टर," ते म्हणायचे. "आपल्या गोळ्यायनं नाई जात तो. थंडीनं जाते."

त्या वर्षी थंडी आलीच नाही.

पहिल्यांदा कोणालाच ते वाईट वाटलं नाही. म्हातारी माणसं उघड्या अंगानं अंगणात बसत. कापलेली कोसरी, तिकडचं भरड धान्य, दोन दिवसांत वाळायची. पोरं दिवसभर नदीत. नाल्याजवळच्या पळसाला दिवाळीच्या तोंडावर चार-दोन फुलं आली, अगदी शिमग्यासारखी लाल. जैनी ती पाहून खो खो हसली. "झाड येडं झालं, बाई." संध्याकाळी बेडूक ओरडायचे, दिव्याभोवती पंखांचे किडे पडायचे. हवेला चिखलाचा आणि सडलेल्या पाल्याचा वास होता, श्रावणात असतो तसा. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. मला तर बरंच वाटलं होतं. मातीच्या त्या खोलीत थंडीचे दिवस एकटीनं कसे काढायचे याची धास्ती मी पावसाळ्यापासून घेऊन बसले होते.

दिवाळीसाठी मी चार दिवसांची रजा घेतली. निघायच्या सकाळी जैनी आली. तिला सातवा महिना लागला होता. लुगडं पोटावरून वर सरकायचं आणि ती ते सारखी खाली ओढायची. मी गोळ्यांचा डबा कपाटात ठेवत होते.

"बाई, गोळी ठेवून जा न मह्यापाशी," ती म्हणाली. "कोणाले ताप आला तं देईन."

खरं म्हणजे तसं ठेवायला हरकत नव्हती. तिला डोस तोंडपाठ होता. पण मला बसची घाई होती, गोळ्यांची पानं मोजून द्यायची, लिहून घ्यायचं, एवढा वेळ नव्हता. मी म्हटलं, "अगं, दिवाळी आली. ताप गेला आता."

जैनी दारातून बाहेर बघत म्हणाली, "पिनी कुठी आली?"

पिनी म्हणजे थंडी. मी हसले. तिच्या पोटावरून हात फिरवला, चार दिवसांत येते म्हणाले, आणि दाराला कुलूप लावलं.

वरोऱ्यात तीच हवा होती, पण तिथे तिचा उत्सव चालला होता. कापूस झपाट्यानं फुटत होता. नरकचतुर्दशीला लोकांनी गार पाण्यानं आंघोळी केल्या. आणि माझी आई! दर हिवाळ्यात तिचे गुडघे धरायचे, भिंतीला धरून चालायची. त्या वर्षी ती घरभर फिरत होती. स्टुलावर चढून तिनं स्वतः जाळी काढली.

"यंदा देवानं मह्यासाठीच थंडी थांबवली पाय," ती म्हणाली.

भाऊबीजेला मामा आला. एक स्थळ आणलं होतं. मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला, घर चांगलं. पण पाहुणे येणार चार दिवसांनी, आणि माझी रजा तर दुसऱ्या दिवशी संपत होती.

"चार दिवस राह्यली तं काई जंगल पळून जाते का?" मामा म्हणाला. "तार कर. आई आजारी हाये म्हण."

आई तेव्हा स्वयंपाकघरात लाडू वळत होती. मी पोस्टात गेले आणि तसं लिहून दिलं. आई आजारी, रजा वाढवावी. तारबाबूनं शब्द मोजले आणि माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यालाही ते खरंच वाटलं असणार.

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. मुलगा भला वाटला. त्याच्या आईनं विचारलं, "ते जंगलातली नोकरी सोडाल न?" मी म्हटलं, बदली मागेन. ती चार दिवसांची वाढीव रजा मी मजेत घालवली. हे लिहायलाच हवं. गच्चीवर बसून मी मैत्रिणींशी गप्पा मारल्या, हिरवी साडी नेसून पाहिली. त्या दिवसांत एकदाही मला जैनीची आठवण आली नाही.

मी परतले ती आलापल्लीहून बसनं, मग पायी. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला होता. गावात शिरल्यावर नेहमीसारखी पोरं धावत आली नाहीत. उपकेंद्राच्या पायरीवर मेश्रामभाऊ बसले होते. उठले नाहीत.

"सिस्टर," ते म्हणाले, "जैनी गेली."

मला आधी वाटलं, बाळंतपणाला माहेरी गेली. मी तसं म्हणालेही. "माहेरी? सातव्यातच?"

मग त्यांनी सांगितलं. मी गेल्यावर दोन-तीन दिवसांत तिला ताप आला. ती चालत उपकेंद्रावर आली, कुलूप पाहिलं, कडी वाजवली, पायरीवर बसली. माझ्या परतीचा दिवस तिला माहीत होता. त्या दिवशी ती पुन्हा आली, या वेळी लालसूच्या खांद्याला धरून. तोवर तार पोचली होती आणि मेश्रामभाऊंकडून निरोप गावात आला होता की नर्सबाईची आई आजारी आहे. मेश्रामभाऊ निरोप देऊन पुढच्या गावी गेलेले. त्यांनाही वाटलं होतं, ताप गेला. लालसूनं दगड उचलला. म्हणाला, कुलूप फोडतो, गोळ्या काढतो. जैनीनं त्याला फोडू दिलं नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"म्हणाली, बाईचं हाय, सरकारचं हाय. बाईची आई बिमार हाय, ते येईलच."

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शुद्धीत नव्हती. बाजेवर घालून भामरागडला न्यायला निघाले. नदीच्या अलीकडेच ती गेली. पोटातलं मूलही तिच्यासोबत गेलं.

पोटुशी बाई गेली म्हणून तिला इतरांजवळ पुरलं नव्हतं. दूर रानात, वाट जात नाही अशा जागी नेलं होतं. मी कुठे म्हणून विचारलं, तर कोणी दाखवलं नाही.

मी कुलूप उघडलं. खोलीत कोंडलेली ऊब होती. कपाट उघडलं. डबा होता तिथेच होता.

मी दारात उभी असतानाच जैनीची सासू आली. वाकलेली, केस मोकळे, डोळे कोरडे. मला वाटलं ती आता मारेल. मी तशीच उभी राहिले. तिनं माझी हनुवटी धरली आणि काहीतरी विचारलं. मी डाव्या बाजूला बघितलं.

तिथून आवाज आला नाही. मी वाट बघत राहिले. म्हातारीनं पुन्हा विचारलं, तेच शब्द. शेवटी मेश्रामभाऊ म्हणाले, "ते इचारून राह्यली, तुमची आई कशी हाये."

"बरी आहे," मी म्हणाले.

त्या गावानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. हे मला कधीच सहन झालेलं नाही. रागावले असते, दगड मारले असते, तर मी रडून मोकळी झाले असते. पण सगळ्यांचं ठरलं होतं: ऋतू चुकला. पिनी वेळेवर आली नाही म्हणून ताप राहिला. गावच्या पुजाऱ्यानं मातीच्या देवासमोर कोंबडं कापलं, थंडीला बोलावणं केलं. त्या महिन्यात अजून दोन घरांतली माणसं गेली. मी वेड्यासारखी हिंडत होते, सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. खुणांनी ताप विचारायचे, कपाळाला हात लावायचे, गोळी तोंडात गेल्याशिवाय हलायचे नाही. लोक म्हणायचे, बाई चांगली आहे. आई आजारी असतानाही आली.

कारण तो प्रश्न थांबला नव्हता. पाणवठ्यावर, बाजाराच्या वाटेवर, ज्यांना मराठीचा एकच शब्द येत होता त्या बायाही तो शब्द घेऊन माझ्याकडे यायच्या. "आई?" आणि मी मान हलवायचे. बरी आहे. पौष लागला तेव्हा सासूनं रानातल्या पोळ्याचा मध आणून दिला, तोंडाला मोहाची पानं बांधलेल्या भांड्यात. तुझ्या आईला दे, अशी खूण केली. मी तो वरोऱ्याला नेला. आईनं बोट बुडवून चाखला आणि विचारलं, "कोणं पाठवला वं इतका गोड?" मी म्हटलं, एका पेशंटनं. ते स्थळ तोवर मोडलं होतं. त्यांनी मामाला कळवलं की जंगलात राहिलेली मुलगी नको.

पौषातच थंडी आली. एका सकाळी उठले तर नदी दिसत नव्हती. धुकं दारापर्यंत आलं होतं. घराघरापुढे शेकोट्या लागल्या, म्हातारी माणसं हात शेकत हसत होती, आणि आठवड्याभरात ताप उतरला. मेश्रामभाऊ म्हणायचे तसाच. मी पायरीवर बसून कुडकुडत होते आणि मला त्या थंडीची किळस आली. एवढी सोपी गोष्ट होती तर आधी का आली नाहीस, असं तिला विचारावंसं वाटलं. पण हे मी तिला कोणत्या तोंडानं विचारणार होते?

जैनी गेल्यावर मी माडिया शिकले. दुसरा उपायच नव्हता. पोरांकडून, सासूकडून, बाजारात चुका करून. दीडएक वर्षानं मला कळायला लागलं की तापाची बाई काय काय बोलते ते. दोन दिस तर असतंच. पण त्याआधी ती सांगते की बैल हरवला तेव्हा पावसात भिजले, नवरा घरी नव्हता, स्वप्नात मेलेली बहीण आली होती. हे सगळं जैनी स्वतःजवळ ठेवायची. तरीही कोणी बोलायला लागलं की माझी मान आधी डावीकडेच वळायची. अजून वळते. पोंभुर्ण्यात सगळे मराठीच बोलतात, तरी वळते.

तिसऱ्या वर्षी धानकापणीत मी लालसूकडे गेले. तो बांधीत एकटाच होता. त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. मी बांधावर बसले आणि त्याच्या भाषेत, चुकतमाकत, म्हणाले, "माझी आई आजारी नव्हती."

त्यानं विळा थांबवला. मला वाटलं शब्द चुकला. मी पुन्हा म्हणाले, "तेव्हा. जैनी आली तेव्हा. आई बरी होती."

"मग का थांबलीस?"

"लग्नासाठी मुलगा बघायला येणार होता."

त्यानं विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "झालं लग्न?"

"नाही."

"मुलगा चांगला नव्हता?"

"त्यांनी नाही म्हटलं."

त्यानं मान हलवली, जणू एखाद्या ओळखीच्या घरची अडचण ऐकावी तशी. वळला आणि कापायला लागला. एक ओळ संपवून परत आला तेव्हा त्याचा श्वास मोठा झाला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हातारीला सांगू नकोस. तिला हवेचा राग धरू दे. तिला तुझा राग धरता येणार नाही."

मी हो म्हणाले. म्हातारी त्यानंतर दीड वर्ष जगली. तिला मी कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर लालसू माझ्याशी बोलला नाही. गावाला ते कळलंही नसेल. तो मुळातच कमी बोलायचा. दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्याच्या थोडं आधी, आश्विनात, कडक उन्हात मी दारात उभी होते आणि तो वाटेनं येताना दिसला. भर दुपारी अंगावर घोंगडी ओढलेली, पावलं वाकडी पडत होती. दात वाजत असणार, हे मला लांबूनही कळलं. मी आत जाऊन गोळ्या घेतल्या, तांब्यात पाणी घेतलं, पायरी उतरून वाटेवर आले. "लालसू," मी हाक मारली. तो माझ्यापासून दोन हातांवरून पुढे निघून गेला. पुढचं उपकेंद्र तीन तासांच्या वाटेवर होतं. तो तिकडे चालला होता.

मी त्याच्या मागे चालत राहिले. त्याच्या भाषेत म्हणत होते, एवढ्या घे, मग जा. मला शिव्या दे, पण एवढ्या घे. तो थांबला नाही आणि वेगही वाढवला नाही. नाल्यापाशी आला, घोंगडी गुडघ्यांवर उचलली, पाण्यात उतरला. मधल्या दगडाला धरून थोडा वेळ वाकून उभा राहिला. मला वाटलं आता पडतो. पण तो पलीकडे चढला.

चार दिवसांनी तो त्याच वाटेनं बरा होऊन परत आला, हे मला मेश्रामभाऊंनी सांगितलं. "आपलं केंद्र सोडून तिकडं काऊन गेला असन तो?" ते म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही.

पण त्या दुपारी मला ते काही ठाऊक नव्हतं. मी नाल्याच्या अलीकडे उभी होते. मुठीतल्या गोळ्या घामानं विरघळून तळव्याला चिकटल्या होत्या, आणि तो पलीकडच्या उन्हात लहान लहान होत गेला. त्या गावात माझा राग धरणारा तो एकटा होता. तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत मी तिथून हलले नाही.